सरपंचांचा निर्णय अंतिम राहील

कुकरची शिट्टी झाली आणि घरातली शांतता एकदम फुटली.

सकाळपासून तिघींपैकी कोणीच बोललं नव्हतं. सोनूबाई भिंतीकडे तोंड करून मेथी निवडत होती. तिची लेक कविता दारात बसून आपल्या पांढऱ्या बुटावरचा डाग घासत होती. मातीचा असता तर केव्हाच निघाला असता. पण तो पानाचा होता. काल भर मैदानात, भर दुपारी, कोणीतरी तिच्या पायावर थुंकलं होतं.

शिट्टी ऐकताच पाच वर्षांची चिमी टुणकन उठली, पाय जुळवून उभी राहिली आणि हात सरळ वर केला.

"बाद!"

"कोण गो बाद?" सोनूबाईने विचारलं.

"कुकर!"

सोनूबाईला हसू आवरलं नाही. "बघ कविता, तुझ्या पोरीला पण कळतं. शिट्टी झाली की झालं. एवढ्या मोठ्या मोठ्या माणसांना नाही कळत."

कविता हसली नाही. तिने ब्रश आणखी जोरात फिरवला. राग डोळ्यांत येऊन थांबला होता, खाली पडत नव्हता. बरं होतं तेच. रडायचं नाही असं तिने कालच ठरवलं होतं.

खरं तर हे सगळं सुरू झालं एका बोटापासून.

कविता कासाच्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. गंजाडहून रोज ये-जा. नवरा हायवेवरच्या अपघातात गेला तेव्हा चिमी पोटात होती. तेव्हापासून माहेरीच. नोकरी कंत्राटी, पण खिडकीला जाळी होती आणि जाळीमागे ती कोणाचं ऐकून घेत नसे. तीन आठवड्यांपूर्वी, भाताची झोडणी संपत आलेली असताना, त्या जाळीतून एक हात आत आला. करंगळीशेजारचं बोट भलत्याच दिशेला बघत होतं.

"नाव?"

"मिथुन."

"वय?"

"अठ्ठावीस. दिसत नाही ना?"

"गाव?"

"चिंचमाळ. तलासरीच्या अलीकडे, हायवे सोडून आत."

"काय झालं?"

"पडलो."

तिने मान वर केली. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर घाम, आणि एवढ्या दुखण्यातही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी खोडकर…

"पडल्यावर एकटं हेच बोट निखळत नाही," ती म्हणाली. "पकड करताना घोट्यावरून हात सुटला. कोपऱ्यात खेळता ना?"

तो जाळीच्या आणखी जवळ आला. "चढाई पण करतो. तुम्हाला कसं कळलं?"

"पुढचा!"

"थांबा ना… लग्न झालं का ते नाही विचारलंत."

"बोटाला काय करायचंय ते?"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "विचार गो बाय, लिहून ठेव. कामाला येईल." कविताने केसपेपर त्याच्या हातात कोंबला, पण पुढच्या बाईचं नाव लिहिताना तिने 'मिथुन' लिहिलं आणि तिला ते खोडावं लागलं.

मिथुनची जीप होती. कासा ते तलासरी, मधल्या पाड्यांवर माणसं सोडत. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तीच जीप गंजाडच्या रस्त्याला तोंड करून उभी. स्टिअरिंगवर पट्टी बांधलेलं बोट ताठ.

"तुमची लाइन तलासरीची ना?"

"आज रस्ता चुकलोय, मॅडम. पुढची सीट मोकळी आहे."

ती मागे बसली, आठ बायका आणि कोंबड्यांच्या पाटीशेजारी. आरशातून तो बघायचा, ती बाहेर बघायची… आणि तो रस्त्याकडे बघायला लागला की ती आरशात. असे सहा दिवस गेले. या सहा दिवसांत तिने त्याला चिमीबद्दल सांगितलं. तो घाबरला नाही, कीव आल्यासारखं गोडही बोलला नाही. फक्त म्हणाला, "मग उद्या दहा मिनिटं आधी निघू. ती वाट बघत असेल." त्या एका वाक्याने कविताच्या आत काय झालं ते तिचं तिलाच ठाऊक.

तिने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. ती कबड्डीची पंच होती. परीक्षा देऊन पास झालेली, शिट्टीवाली.

"खोटं!"

"रविवारी सामन्यावर असते. कधी पंच, कधी सरपंच."

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. दोन पंचांचं जमलं नाही की सरपंच सांगेल ते. मिथुनला हे माहीत होतं, बारा वर्षं खेळत होता तो. पण बाईमाणूस सरपंच त्याने बघितला नव्हता. तो म्हणाला, "आता बाद व्हायला पण बरं वाटेल."

सातव्या दिवशी कबड्डी संघटनेचा मेसेज आला: चिंचमाळची स्पर्धा, अंतिम सामना, सरपंच म्हणून कविता.

तिने लगेच सचिवांना, तुषारसरांना फोन लावला. "सर, चिंचमाळचा एक खेळाडू माझ्या ओळखीचा आहे."

"नातं आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग…" मग काय सांगणार होती ती? आरशाबद्दल? "सांगून ठेवलं, सर."

"ठेवलंत ना? जा आता."

त्याच संध्याकाळी ती जीपच्या खिडकीशी गेली, पण दार उघडलं नाही. "सामना होईपर्यंत मी तुमच्या जीपमध्ये बसणार नाही. बोलणारही नाही."

"का? मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाही. मी त्या दिवशी सरपंच आहे."

"आणि सामना झाल्यावर?"

"बघू."

त्याने गाडी वळवली आणि जाताना हॉर्न दिला. अगदी छोटा… शिट्टीसारखा.

चिंचमाळच्या मैदानावर सकाळपासून माणूस मावत नव्हतं. नव्या चुन्याच्या रेषा, आंब्यावर चढलेली पोरं, आणि स्टेजवर फेटा बांधून गावचे सरपंच भीमाभाऊ. लाऊडस्पीकरवाला प्रत्येक सामन्याआधी तेच म्हणायचा, "खेळाडूंनी शिस्त पाळावी. सरपंचांचा निर्णय अंतिम राहील!" आणि प्रत्येक वेळी भीमाभाऊ स्टेजवरून मान डोलवायचे. कविताच्या ते लक्षात आलं होतं. हसू पण आलं होतं तिला. कुठून कळणार होतं, की याच हसण्याचं पुढे काय होणार आहे!

अंतिम सामना चिंचमाळ आणि समुद्राकाठचं नरपड. शेवटचं अर्धं मिनिट, नरपड एका गुणाने पुढे. चढाईला मिथुन. तो उजव्या कोपऱ्यात घुसला, पाय लांबवला, कोपऱ्यातल्या पोराच्या टाचेजवळून अंगठा गेला… गेला, की लागला? आणि मिथुन बाजूच्या पट्ट्यातून पळत मध्यरेषेपार. स्पर्श झाला असेल तर गुण आणि बरोबरी. झाला नसेल तर त्या पट्ट्यात पाय टाकायचा हक्कच नाही, चढाईवाला बाद.

एका पंचाने गुण दाखवला. दुसऱ्याने बाद. दोघांनी कविताकडे बघितलं.

तिने बघितलं होतं. ती त्याच बाजूला होती, गुडघ्यावर वाकलेली. टाच आणि अंगठा यांच्यामध्ये चुन्याची पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. एका क्षणासाठी तिला ते बोट आठवलं, आरसा आठवला. पुढच्याच क्षणी तिने शिट्टी मारली.

"चढाईपटू बाद."

मग जो गोंधळ झाला! माणसं रेषा ओलांडून आत आली. "बाईला काय कळतं!" "नरपडकरांनी मासळी पोचवली वाटतं घरी!" "हिला भाकऱ्या थापायला पाठवा!" कविता पंचांच्या वर्गात शिकल्याप्रमाणे दोन पावलं मागे सरली. हात पाठीमागे, आवाज खाली, बोट कोणाकडे दाखवायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. "रेषेबाहेर जा. कप्तानाने बोलावं. बाकीच्यांनी नाही." तीनदा म्हणाली ती. तेव्हाच तो लाल थुंकीचा डाग बुटावर पडला. तिने खाली बघितलंसुद्धा नाही.

आणि स्टेजवरून माईक खरखरला.

"शांत व्हा. शांत व्हा," भीमाभाऊ बोलत होते, पायऱ्या उतरत होते. "सकाळपासून तुम्हाला सांगतायत ना, सरपंचांचा निर्णय अंतिम? मग सरपंच कोण आहे या गावाचा?"

"तुम्ही, भाऊ!"

"मग माझा निर्णय ऐका. टच झालेला आहे. चिंचमाळला एक गुण!"

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. गुणलेखकाने एकदा कविताकडे बघितलं, एकदा भीमाभाऊंकडे, आणि फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहिला. पुसला! तिच्या डोळ्यांदेखत! कविताच्या कानात शीळ घुमल्यासारखं झालं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "भाऊ, तुम्ही पाहुणे आहात. या रेषेच्या आत सरपंच मी आहे."

"ऐका! ही सरपंच!" भीमाभाऊ माईकवरच हसले. "कुठल्या प्रभागातून निवडून आलीस गो?"

सगळं मैदान हसलं.

त्या हसण्यात मिथुन चालू लागला. त्याला खांद्यावर घ्यायला पोरं धावली होती, त्याने त्यांना बाजूला केलं. सरळ कोर्टाच्या मागच्या चौकोनाकडे गेला. बाद झालेले खेळाडू बसतात त्या चौकोनात. आणि मांडी घालून खाली बसला.

"ए मिथुन, उठ! तू बाद नाहीयेस!"

"बाद आहे, भाऊ." तो मोठ्याने नाही बोलला, पण माईक भीमाभाऊंच्या हातात उघडाच होता. "अंगठा लागला नाही. माझाच अंगठा आहे, मला माहीत. सरपंचबाई बरोबर आहेत."

कविताने लांब शिट्टी मारली, सामना थांबवला, गुणपत्रक गुणलेखकाच्या हातातून घेतलं आणि ताठ मानेने मैदानाबाहेर पडली. वाटेत तो चौकोन होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर ताठ मान राहिली नसती.

तर अशी ती सोमवारची सकाळ. बूट घासून होतोय तोच तुषारसरांचा फोन.

"कविता, फार वाढवू नका. भीमाभाऊंना दोन ओळींचा माफीनामा लिहून द्या. 'गैरसमज झाला' म्हणा. मिटवून टाकू."

"गैरसमज कोणाचा झाला, सर?"

"तुम्ही जिल्हा स्पर्धेच्या यादीत आहात. डहाणूला, पुढच्या महिन्यात. माझ्या हातात आहे तोवर ठेवतोय नाव. माफीनामा आला नाही तर माझ्या हातात राहणार नाही."

तीन वर्षं ती त्या यादीची वाट बघत होती. चिमीला झोपवून, पुस्तकातले नियम बोटाने ओळ धरून पाठ केले होते. गावोगावच्या धुळीत उभी राहिली होती, चहासुद्धा न विचारणाऱ्या आयोजकांसाठी. आणि आता माफी मागायची? ज्याने निर्णय पुसला त्याने नाही, जो थुंकला त्याने नाही… जिने बरोबर बघितलं तिने!

"माफीनामा नाही, सर. रिपोर्ट देते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी ती खिडकीत बसली होती. जाळीतून हात आत आला. बोटावरची पट्टी सुटलेली.

"नाव?" तिने मान वर न करता विचारलं. ओळखीचा आवाज यायच्या आधीच काळजाचा ठोका चुकला होता.

"तुम्हाला पाठ आहे. दुसऱ्याच बाईच्या पेपरवर लिहिलं होतंत. मी बघितलं."

"…तक्रार काय?"

"झोप येत नाही. घास उतरत नाही. गाडी सारखी गंजाडकडे वळते."

"किती दिवसांपासून?"

"बोट निखळल्यापासून."

रांगेत आज फक्त एक म्हातारा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. तरी कविता लाल झाली. "इथे यावर औषध नाही."

"माहीत आहे. सामना झाला ना? तुम्ही म्हणाला होतात, बघू."

तिने आता नीट बघितलं त्याच्याकडे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "गावात काय चाललंय?"

"संघातून काढलं. जीपमध्ये आज गावचं कोणी बसलं नाही. आमच्या दारावरून जाताना म्हणतात, चौकोनात बसा आता जन्मभर." तो हसला. "बसतो. चौकोन वाईट नाही. तिथून मैदान चांगलं दिसतं… सरपंच पण."

"माझ्यासाठी केलंत ते?" तिने धारदार विचारलं. "माझ्यासाठी केलं असेल, तर मला ते नको."

"तुमच्यासाठी केलं असतं तर 'टच झाला' म्हणून भाऊंना खूश केलं असतं आणि तुम्हाला घरी सुखाने जाऊ दिलं असतं. लागला नव्हता, म्हणून सांगितलं." मग खालच्या आवाजात, "पण तुमच्याऐवजी दुसरं कोणी असतं तर एवढ्या पटकन चौकोनात जाऊन बसलो असतो का… ते नाही सांगता येत."

कविताने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "मला पण."

"तुम्हाला पण काय?"

"तुमची तक्रार. तीच मला पण."

जाळीच्या चौकटीत त्याचं हसू मावेना. पण ती पुढे बोललीच, "आणि म्हणून मला ते लिहावं लागेल. रिपोर्टमध्ये. आपला माणूस ज्या संघात, तिथे शिट्टी घ्यायची नाही. यापुढे चिंचमाळचा सामना मी घेणार नाही, आणि का ते लिहून देणार."

मिथुनचं हसू गेलं. "आत्ता? अहो, लोक काय म्हणतील! दोघांचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून तो चौकोनात बसला. त्यांच्या हातात काठी देताय तुम्ही. महिनाभर थांबू. यादी लागू दे. मग सांगू सगळ्यांना, वाजवून!"

"लपवलं आणि नंतर कळलं, तर ती काठी खरी होईल. आत्ता सांगितलं तर खोटीच राहील."

"आणि यादी?"

"यादी गेली तर गेली," ती म्हणाली. आवाज फाटलाच शेवटी.

त्याने जाळीतून तेच बोट आत सरकवलं. तिने क्षणभर ते धरलं. मग म्हाताऱ्याने काठी आपटली आणि तिने ओरडून विचारलं, "बाबा, नाव?"

रिपोर्ट लिहायला तिला तीन दिवस लागले. रागाचा शब्द एकही घालायचा नाही. बघितलं तेवढं, ऐकलं तेवढं. गुरुवारी ती डहाणूला जाऊन तो तुषारसरांच्या टेबलावर नुसता ठेवून आली नाही, समोर बसून राहिली. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"'सरपंचांनी चढाईपटू बाद दिला. त्यानंतर सरपंचांनी निर्णय बदलला.' मग झालं की! सरपंचांनीच बदलला म्हणता, आणि तक्रार कोणाची करताय?"

कविताने कागद ओढून घेतला. पहिल्या 'सरपंचांनी'वर काट मारली आणि वर ठसठशीत लिहिलं: 'मी'. "आता वाचा, सर. मी बाद दिला. आणि या खेळाशी काही संबंध नसलेल्या माणसाने तो बदलला. त्या दिवशी तुम्ही नेमलेली सरपंच मी होते. म्हणजे त्यांनी माझा नाही, तुमचा निर्णय पुसला."

तुषारसर पुढे वाचू लागले. शेवटच्या परिच्छेदाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. "'…सदर खेळाडूशी माझी ओळख सामन्यापूर्वी मी कळवली होती. सामन्यानंतर आम्ही लग्नाचा विचार करत आहोत…' हे कशाला लिहिलंत? कोणी विचारलं होतं?"

"कोणी विचारायच्या आधी सांगायचं असतं ना, सर? तुम्हीच शिकवलंत वर्गात."

दहा दिवसांनी यादी लागली. नाव होतं. सरपंच म्हणून नव्हे, पंच म्हणूनही नव्हे, रेषापंच. म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहून बाद झालेले खेळाडू चौकोनात बसवायचे आणि पाय रेषेबाहेर गेला की हात करायचा. सर्वात खालची जागा. खाली एक ओळ होती: चिंचमाळ संघाच्या सामन्यात नेमणूक न देण्याची विनंती मंजूर. तिची तेवढी एक गोष्ट मात्र त्यांनी तत्परतेने मंजूर केली होती! भीमाभाऊंचं नाव कुठेच नव्हतं. ना चूक, ना माफी, ना काही. अंतिम सामना 'पुन्हा खेळवण्यात येईल', बस्स.

कविताने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. "रेषा तर रेषा," ती आईला म्हणाली. "पण ती मी कोणाला पुसू देणार नाही."

रविवारी सकाळी जीप गंजाडला आली. या वेळी रस्ता चुकून नाही. मिथुनने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चपला अंगणाबाहेर काढल्या होत्या. सोनूबाईच्या पाया पडून तो म्हणाला, "आई, मी विचारायला आलोय. चिंचमाळला तुमच्या लेकीला लोक नीट बोलणार नाहीत सध्या. म्हणून… चालत असेल तर मीच इकडे राहायला येईन. गाडी कुठूनही सुटते."

सोनूबाईने पदर डोळ्यांना लावला आणि चहा ठेवायला आत गेली. म्हणजे चालत होतं.

अंगणात चिमीने राख सांडून रेषा ओढल्या होत्या, वाकड्या, पण अगदी ठळक. कविताची शिट्टी तिच्या गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबत होती. तिने मिथुनला चढाईला उभं केलं, एका पावलातच बाद दिलं आणि कोपऱ्यातल्या चौकोनात बसवलं. तो मुकाट्याने मांडी घालून बसला. कविता खांबाला टेकून बघत होती. किती दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

चिमी शिट्टी मुठीत धरून जवळ आली. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. एकदा तिने चौकोनातल्या माणसाकडे बघितलं, एकदा आतल्या आजीकडे, मग आईकडे.

"आई, हे काका आपल्याकडे राहायला आले ना… मग घरात सरपंच कोण?"